मत नसलेल्यांचा निकाल : स्विंडनचे गोंयकार आणि २३ जून २०१६

इंग्लंडातल्या स्विंडन शहरात भिंतीला भिंत लावून राहणारे दोन शेजारी डोळ्यांसमोर आणा. एक गोंयकार, गोव्यातल्या साष्टी तालुक्यातला. आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमलातला. त्या आधारावर घरच्यांनी लिस्बनला जन्मनोंद करून घेतली, पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला आणि २००६ साली तो इंग्लंडात पोचला. दहा वर्षं गोदामात रात्रपाळी केली, कर वेळेवर भरला, मुलं तिथल्याच शाळेत वाढली. दुसरा शेजारी पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. कंपनीने वर्क व्हिसावर पाठवलेला, येऊन आठ महिने झालेले, दोनेक वर्षांनी परत जाणार हे ठरलेलं.

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं यावर सार्वमत झालं. या दोघांपैकी मताचा अधिकार कोणाला होता? पुण्याच्या पाहुण्याला. साष्टीच्या माणसाला नव्हता.

दोन्ही माणसं नमुन्यादाखल घेतली आहेत, नियम मात्र खरा आहे. ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणारे, मतदार यादीत नाव असलेले राष्ट्रकुल देशांचे नागरिक मत देऊ शकत होते, म्हणजे भारतीय, पाकिस्तानी, ऑस्ट्रेलियन, नायजेरियन. युरोपीय संघाच्या देशांपैकी फक्त आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसच्या नागरिकांना मत होतं. पोलिश, रुमानियन, इटालियन, पोर्तुगीज असे सुमारे तीस लाख लोक बाहेर राहिले. ज्यांचा मुक्काम या निकालावर ठरणार होता, नेमके तेच.

ब्रेक्झिटवरच्या प्रतिक्रिया एरवी लंडन विरुद्ध उत्तर इंग्लंड, तरुण विरुद्ध म्हातारे अशा मांडल्या जातात. त्या मांडणीत तथ्य आहे. पण निकालानंतरचे तीन आठवडे मला साष्टीच्या त्या माणसाच्या खिडकीतून बघायचे आहेत. त्या दिवसांत जगभर जो तो बोलत होता, आणि त्याच्या एका साध्या प्रश्नाचं उत्तर एकाकडेही नव्हतं : आता मी राहायचं का?

सोळा शब्द

मतपत्रिकेवरचा इंग्रजी प्रश्न सोळा शब्दांचा होता. युनायटेड किंगडमने युरोपीय संघाचा सदस्य राहावं की संघ सोडावा, एवढंच त्यात विचारलं होतं. राहायचं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं, कारण १९७३ पासून देश त्यातच होता. सोडायचं म्हणजे काय, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. नॉर्वेसारखं युरोपच्या सामायिक बाजारपेठेत राहून सोडायचं, की सगळे धागे तोडून? आयर्लंडच्या सीमेचं काय? इथे राहणाऱ्यांचं काय?

मराठी वाचकाला इथे गोव्याचा जनमत कौल आठवावा. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात विचारलं गेलं, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाचं चिन्ह फूल, केंद्रशासित राहण्याचं दोन पानं. त्या वेळी दोन्ही बाजूंचं चित्र लोकांपुढे स्पष्ट होतं. महाराष्ट्र शेजारी दिसत होता, केंद्रशासित कारभार ते जगतच होते. १,७२,१९१ मतं केंद्रशासित राहण्याला पडली, १,३८,१७० विलीनीकरणाला. भाऊसाहेब बांदोडकरांनी कौल निष्पक्ष व्हावा म्हणून आधी मुख्यमंत्रिपद सोडलं, विलीनीकरणाची बाजू लढवली, ती हरली, आणि काही महिन्यांतच निवडणूक जिंकून ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. निकालानंतर काय करायचं याबद्दल गोंधळ नव्हता. त्यामुळे हरलेला नेताही त्याच प्रदेशाचा कारभार पुढे चालवू शकला. (गोव्याबाहेरच्या, विशेषतः मुंबईतल्या गोंयकारांना मत हवं होतं, ते दिलं गेलं नाही. मत कोणाला, हा वाद तिथेही होताच.)

ब्रिटनमध्ये एका पर्यायाचं चित्र भरलेलं होतं, दुसऱ्याची चौकट रिकामी. त्या रिकाम्या चौकटीत प्रत्येकाने आपल्या मनातलं चित्र काढून घेतलं. कोणी तिथे सार्वभौम संसद पाहिली, कोणी कमी परदेशी कामगार. 'सोडा'च्या प्रचाराच्या लाल बसवर लिहिलं होतं की संघाला जाणारे आठवड्याचे ३५ कोटी पौंड आरोग्यसेवेला द्या, तेव्हा कोणी ते पौंडही पाहिले. प्रीती पटेल यांच्यासारख्या नेत्या दक्षिण आशियाई हॉटेलवाल्यांना सांगत होत्या की युरोपातून येणारा लोंढा थांबला की उपखंडातून आचारी आणणं सोपं होईल. दुसरीकडे बोस्टनसारख्या लिंकनशायरच्या गावात एकूणच बाहेरची माणसं कमी व्हावीत म्हणून लोक मत देत होते. दोघांनीही खूण एकाच चौकटीत केली.

भारतात सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं

रात्री मतदान संपलं तेव्हा वारं उलट्या दिशेने होतं. शेवटच्या चाचण्या 'राहा'च्या बाजूच्या होत्या. बाहेर पडण्यासाठी वर्षानुवर्षं झगडलेल्या नायजेल फराज यांनीच आपली बाजू थोडक्यात हरेल असं बोलून दाखवलं. पौंड दीड डॉलरपर्यंत चढला. मग मध्यरात्रीनंतर न्यूकॅसलचा निकाल आला, तिथे 'राहा' अगदी निसटतं जिंकलं, आणि पाठोपाठ संडरलंड, ६१ टक्के 'सोडा'. संडरलंडमध्ये निसानचा मोठा कारखाना आहे आणि तिथल्या गाड्या युरोपात विकल्या जातात. पौंड तिथून घसरायला लागला तो १९८५ नंतरच्या नीचांकाला जाऊन टेकला.

बीबीसीवर डेव्हिड डिम्बलबी यांनी बाहेर पडण्याचा कौल जाहीर केला तेव्हा लंडनमध्ये पहाटेचे ४.४० झाले होते. भारतात ९.१०. मुंबईचा शेअर बाजार उघडायला पाच मिनिटं बाकी होती. दिवसात सेन्सेक्स हजाराहून जास्त अंकांनी कोसळला आणि सावरून ६०५ अंक खाली बंद झाला. टाटा मोटर्सचा शेअर सुमारे ८ टक्के पडला, कारण जॅग्वार लँड रोव्हर त्यांच्याच मालकीची. म्हणजे इंग्लंडच्या मताचा पहिला चटका पिंपरीशी नातं असलेल्या कंपनीला बसला, आणि तोही बहुतेक लंडनकर अंथरुणात असताना.

रुपयाच्या हिशेबात आदल्या दिवशी पौंड सुमारे १०० ला होता. २४ तारखेला तो ९३ च्या आसपास आला, ऑक्टोबरात ८२ च्या. ज्या मराठी घरांतून मुलगा किंवा मुलगी सप्टेंबरात लीड्सला किंवा मँचेस्टरला शिकायला जाणार होती, त्यांना फी स्वस्त झाल्याचा आनंद झाला. त्यात चूक काही नव्हती. पण तोच आकडा मडगावच्या बँकेत उलटा वाचला जात होता. स्विंडनहून दरमहा पाचशे पौंड घरी येणाऱ्या कुटुंबाचे चार महिन्यांत पन्नास हजारांचे एक्केचाळीस हजार झाले. घराचा हप्ता, म्हाताऱ्यांचं औषध, छपराचं काम, यांतलं काहीच पौंडाबरोबर स्वस्त झालं नाही.

सकाळी सव्वाआठच्या सुमारास डेव्हिड कॅमेरन पत्नीसह १०, डाउनिंग स्ट्रीटच्या दारात आले आणि पंतप्रधानपद सोडत असल्याचं त्यांनी सांगितलं. लगोलग बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर मार्क कार्नी यांनी २५० अब्ज पौंड हाताशी ठेवल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी ब्रिटनमध्ये तयारी करून ठेवलेली संस्था मला तरी ही एकच दिसते. सरकारने बाहेर पडण्याच्या शक्यतेसाठी आराखडे करायचे नाहीत, असंच प्रशासनाला बजावलेलं होतं. पुढच्याच महिन्यात संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने या प्रकाराला घोर निष्काळजीपणा म्हटलं. मला तो शब्द कमी वाटतो. आपण स्वतः प्रश्न विचारायचा आणि दोनपैकी एका उत्तराचा विचारच करायचा नाही, याची किंमत कॅमेरन यांनी मोजली ती एका खुर्चीची. बाकीची मोजली इतरांनी.

थट्टा कोणाची झाली

१,७४,१०,७४२ विरुद्ध १,६१,४१,२४१. म्हणजे ५१.९ टक्के आणि ४८.१. मतदान ७२ टक्क्यांवर. पहिल्या दोन-तीन दिवसांत 'सोडा'वाल्यांना आता पश्चात्ताप होतोय, अशी एक गोष्ट जगभर पसरली. तिचे दोन पुरावे दिले जात. एक म्हणजे निकालानंतर ब्रिटनमध्ये गूगलवर 'युरोपीय संघ म्हणजे काय' हा प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या वाढली. दुसरा, संसदेच्या संकेतस्थळावरच्या फेरसार्वमताच्या अर्जावर ४१ लाखांहून अधिक सह्या झाल्या.

मला दोन्ही पुरावे कच्चे वाटतात. गूगलवर शोधणारे कोण होते, त्यांनी मत कोणाला दिलं, मत दिलं तरी का, यातलं काहीच त्या आलेखातून कळत नाही. आणि ४१ लाख हा आकडा 'राहा'ला मिळालेल्या मतांच्या चौथ्या हिश्श्याएवढा. हरलेल्यांनी सह्या केल्या, त्यात जिंकलेल्यांचा पश्चात्ताप कुठे आला? (तो अर्ज मुळात मतदानाआधी 'सोडा'च्या एका समर्थकाने टाकला होता, आपली बाजू हरेल या धास्तीने.) लोकांनी विचार न करता मत दिलं असं ठरवून मोकळं होणं सुशिक्षितांना सोयीचं होतं. लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांच्या मतदानदिनीच्या पाहणीत 'सोडा'वाल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी मुख्य कारण सांगितलं ते हे : ब्रिटनबद्दलचे निर्णय ब्रिटनमध्ये व्हावेत. स्थलांतरावर ताबा हे कारण पुढे करणारे एक तृतीयांश. पटो न पटो, ही कारणं आहेत. त्याच पाहणीत आशियाई मतदारांपैकीही सुमारे एक तृतीयांश 'सोडा'च्या बाजूला होते. आपल्या लोकांनी एकगठ्ठा 'राहा'ला मत दिलं असा समज असेल तर तो सोडावा.

कॉर्नवॉलची प्रतिक्रिया मात्र मला अजून अस्वस्थ करते. तिथे ५६ टक्क्यांहून जास्त लोकांनी संघ सोडायला मत दिलं, आणि निकालाच्याच दिवशी तिथल्या परिषदेने संघाकडून येणारा निधी कमी होणार नाही याची हमी सरकारकडे मागितली. वर्षाला सुमारे सहा कोटी पौंडांचा तो निधी होता. लोकांनी यावरही परिषदेला हसून घेतलं. पण त्या भागाने स्वतःला काय सांगितलं होतं? पैसा आपलाच आहे, तो ब्रसेल्सला जाऊन परत येतो, आता थेट येईल. प्रचारात हेच ऐकवलं गेलं होतं. रिकाम्या चौकटीत त्यांनी काढलेलं ते चित्र होतं.

आजोबांचा जन्मदाखला

द्वेषाच्या घटनांचं काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण तिथेही आकडे सैल वापरले गेले. २६ जूनच्या सकाळी लंडनच्या हॅमरस्मिथमधल्या पोलिश सांस्कृतिक केंद्राच्या दारावर शिवीगाळ रंगवलेली सापडली. हंटिंग्डनमध्ये पोलिश लोकांना 'किडे' म्हणणारी कार्डं वाटली गेली. पोलिसांच्या ऑनलाइन नोंदणीत चार दिवसांत ५७ टक्के वाढ झाल्याची बातमी जगभर गेली. ती वाढ ५४ वरून ८५ तक्रारींवर होती, हे थोड्यांनीच सांगितलं. पण नंतर गृहखात्याचे पूर्ण आकडे आले आणि भीती खोटी नव्हती हे कळलं. जुलै २०१६ मध्ये वंश किंवा धर्माच्या द्वेषातून झालेले गुन्हे आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त होते. हॅमरस्मिथच्या त्या केंद्रात फुलांचे गुच्छ आणि इंग्रज शेजाऱ्यांची पत्रंही येऊन पडली, तेही त्याच आठवड्यात.

गोंयकार या सगळ्यात विचित्र जागी उभा होता. रस्त्यावर तो भारतीय दिसतो, कागदावर पोर्तुगीज आहे. पोलिश माणसाला कामाच्या ठिकाणी मूकपणे मिसळून जाता येतं, त्याला तेही नाही. 'तुम्ही तर राष्ट्रकुलातले, तुम्हाला काय धोका' असं म्हणणाऱ्याला आपल्या खिशातल्या पासपोर्टची गोष्ट कुठून सांगायला सुरुवात करायची?

ती गोष्ट अशी. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्याआधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपले नागरिक मानत राहिला, आणि त्यांच्या मुलांना, नातवंडांना लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंद करून तो हक्क घेता येतो. १९८६ साली पोर्तुगाल युरोपीय समुदायात आला आणि त्या जुन्या जन्मदाखल्याला एकदम नवी किंमत आली. भाषा इंग्रजी येत होती, पगार इंग्लंडात होता. म्हणून पासपोर्ट लिस्बनचा आणि मुक्काम साउथॉल, हाउन्सलो, लेस्टर, स्विंडन. आखातातल्या नोकऱ्या आणि बोटीवरची कामं करून दमलेल्या घरांना कुटुंबासह एका जागी राहायची संधी पहिल्यांदा अशी मिळाली.

पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. पोर्तुगीज झालात की भारतीय उरत नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांचं ओळखपत्र) मिळालं तर गोव्यात येता-राहता येतं, मत देता येत नाही. म्हणजे या माणसांनी परतीचे दोर स्वतःच्या हातांनी कापले होते, आणि ज्या देशाच्या भरवशावर कापले तिथल्या संसदेसाठीही त्यांना मत नव्हतं. स्विंडनने सुमारे ५५ टक्क्यांनी संघ सोडायला कौल दिला. ज्या गावात रात्रपाळी करायची त्या गावाने आपल्याबद्दल काहीतरी ठरवलं, पण नेमकं काय ते कळत नाही, अशी ती सकाळ होती.

आणि त्याच दिवसांत ब्रिटिशांनी काय केलं? बेलफास्टच्या टपाल कार्यालयात आयरिश पासपोर्टचे अर्ज संपले. आजी-आजोबांपैकी एकजण आयर्लंडमध्ये जन्मलेला असला की आयरिश नागरिकत्वाचा हक्क मिळतो. लोक कपाटं उपसून जन्मदाखले शोधायला लागले. आयर्लंडच्या परराष्ट्रमंत्र्यांना गर्दी करू नका असं आवाहन करावं लागलं. साष्टीत जे पंचवीस वर्षं चाललं होतं तेच आता इंग्लंडात सुरू झालं. गोव्यात पोर्तुगीज पासपोर्ट काढणाऱ्यांवर देश विकल्याची टीका होते. मला ती कधीच पटली नाही, आणि आयरिश अर्जांची ती रांग पाहिल्यावर तर मुळीच नाही. माणसं मुलांसाठी दार उघडं ठेवतात, एवढंच त्यात आहे.

२४५ विरुद्ध २

१ जूनला, म्हणजे मतदानाच्या तीन आठवडे आधी, 'व्होट लीव्ह' या 'सोडा'च्या बाजूच्या प्रचारसंघटनेच्या मायकेल गोव्ह, बोरिस जॉन्सन, प्रीती पटेल या नेत्यांच्या निवेदनात एक वाक्य होतं : आधीपासून कायदेशीरपणे इथे राहणाऱ्या युरोपीय नागरिकांना कायम राहण्याचा हक्क आपोआप मिळेल. 'आपोआप' हा शब्द लक्षात ठेवा. तो देणाऱ्यांच्या हातात सरकार नव्हतं. आणि सरकार हातात यायची वेळ आली तेव्हा ३० जूनला पंतप्रधानपदाच्या शर्यतीत गोव्ह जॉन्सनविरुद्ध उभे राहिले, जॉन्सन यांनी माघार घेतली, ४ जुलैला फराज यांनी आपल्या यूकिप पक्षाचं नेतेपद सोडलं. तिकडे मजूर पक्षात जेरेमी कॉर्बिन यांच्यावर त्यांच्याच खासदारांनी १७२ विरुद्ध ४० असा अविश्वास दाखवला. स्कॉटलंडमधून निकोला स्टर्जन दुसऱ्या स्वातंत्र्य सार्वमताची भाषा बोलू लागल्या, तिथे ६२ टक्के लोकांनी 'राहा' म्हटलं होतं. प्रत्येक जण आपापल्या घरचं भांडण सोडवत होता.

गृहमंत्री थेरेसा मे यांनी ३ जुलैला टीव्हीवर सांगितलं की इथल्या युरोपीय नागरिकांचा प्रश्न वाटाघाटींचा भाग असेल. माणसं वाटाघाटीच्या पटावर मांडली गेली. ६ जुलैला विरोधी पक्षाने संसदेत या नागरिकांना राहण्याचा हक्क देण्याचा ठराव मांडला आणि तो २४५ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला. ठराव सरकारवर बंधनकारक नव्हता. ज्या सभागृहात त्या एका गोष्टीवर जवळजवळ एकमत होतं, तिथूनही साष्टीच्या माणसाला काही मिळालं नाही. १३ जुलैला मे पंतप्रधान झाल्या.

मग काय करायचं? कायम वास्तव्याचा अर्ज ८५ पानांचा होता. पाच वर्षांच्या पगारपावत्या, घरभाड्याचे कागद, प्रत्येक परदेशवारीची तारीख. एजन्सीमार्फत पाळ्या करणाऱ्याकडे हे सगळं असतं का? ज्यांना जमलं त्यांनी तो भरला, ज्यांना पैसे जमले त्यांनी ब्रिटिश नागरिकत्वाकडे मोर्चा वळवला, बाकीचे थांबले. त्याच वेळी गोव्यात उलटी घाई होती. दार बंद व्हायच्या आत लिस्बनचे कागद पुरे करून इंग्लंड गाठायचं होतं, म्हणजे अनिश्चितता असतानाही लोक जातच होते. बाहेरून हे वेडेपण वाटेल. पण बंद होणाऱ्या दाराकडे माणूस धावतोच.

आचाऱ्यांच्या व्हिसाचं आश्वासनही बघून घेऊ. नोव्हेंबर २०१६ मध्ये मे भारतात आल्या, दिल्लीने व्हिसा सैल करण्याचा विषय काढला, त्यांनी तो सैल केला नाही.

'आपोआप'चं शेवटी काय झालं? युरोपीय नागरिकांसाठी नोंदणी योजना आली, ३० मार्च २०१९ ला सगळ्यांसाठी खुली झाली. पाच वर्षं सलग राहिलेल्यांना कायमचा दर्जा, कमी असेल तर तात्पुरता. सुरुवातीला ६५ पौंड शुल्क होतं, ते ओरड झाल्यावर रद्द झालं. ८५ पानांपेक्षा हे कितीतरी सोपं होतं, फोनवर पासपोर्ट टेकवून होणारं, हे मान्य करायला हवं. पण अर्ज करणं भाग होतं, आणि मुदत होती ३० जून २०२१. तोवर साठ लाखांहून अधिक अर्ज आले. २०१६ च्या सगळ्या वादांत हे लोक तीस लाख आहेत असं धरून बोललं जात होतं. ज्यांच्या राहण्या-जाण्यावर देशाने मत दिलं, ते आहेत किती, हेही देशाला ठाऊक नव्हतं.

युरोपीय नागरिकांनी ब्रिटनमध्ये मोकळेपणाने येऊन राहायचं, हा मुक्त संचार ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री संपला. साष्टीच्या एखाद्या घरात दोन भाऊ असतील. थोरला त्या तारखेआधी हीथ्रोला उतरला, त्याच्या फोनवर आज राहण्याचा दर्जा दिसतो, छापील कागद त्याला कोणी दिलेला नाही. धाकट्याचे कागद लिस्बनहून फेब्रुवारीत आले. पासपोर्ट तोच, आजोबा तेच. त्याला आता डब्लिन, लिस्बन, बर्लिन उघडं आहे, आणि भावाच्या घरी राहायला जायचं तर पाहुणा म्हणून.